दोन मैल लांबीचा चित्रपट : पडद्यामागच्या गोष्टींची उलटतपासणी

१९८९ साली पंचवटीत माझे व्हिडिओ कॅसेट भाड्याने देण्याचे दुकान होते. दुकान कसले, जिन्याखालची खोली. चारएकशे कॅसेटी, त्यातल्या बहुतेक हिंदी, थोड्या मराठी आणि कोपऱ्यात पाच-पंचवीस इंग्रजी. या इंग्रजीतली सगळ्यात जास्त झिजलेली कॅसेट रिडली स्कॉट यांच्या १९७९च्या 'एलियन'ची होती. धारपांच्या कादंबऱ्या वाचून वाढलेली कॉलेजची पोरे ती नेत, आणि परत द्यायला आली की काउंटरवर कोपर टेकवून त्या एका दृश्याबद्दल बोलत. अंतराळयानातली माणसे जेवायला बसली आहेत, एकाला अचानक ठसका लागतो, तो टेबलावर आडवा होतो आणि त्याची छाती फोडून आतून एक प्राणी बाहेर येतो.

मी त्या पोरांना एक गोष्ट सांगायचो. कुठल्या तरी मासिकात वाचली होती. "अरे, त्या नटांना काय होणार ते काहीच माहीत नव्हतं. डायरेक्टरनं सांगितलंच नाही. म्हणून त्यांचे चेहरे असे झालेत." पोरे कॅसेट पुन्हा एक दिवस ठेवून घेत. माझे पाच रुपये सुटत.

पुढे दुकान बंद पडले. कॅसेट गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या. मी एका छोट्या कारखान्यात हिशेबनीस झालो आणि उरलेल्या वेळात चित्रपटाच्या इतिहासाचे जे मिळेल ते वाचत राहिलो. वाचता वाचता कळले की दुकानात सांगत होतो ती गोष्ट अर्धीच खरी होती. नटांनी पटकथा वाचलेली होती. प्राणी छातीतून निघणार हे त्यांना ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच की तो दिसतो कसा आणि रक्त किती उडणार.

त्या चित्रीकरणाची जी हकिकत टिकून आहे ती मूळ गोष्टीपेक्षा जास्त रंजक आहे. शेपर्टन स्टुडिओत १९७८ साली हे दृश्य घेतले गेले. जॉन हर्ट या नटाचे धड टेबलाखाली दडवलेले, डोके आणि खांदे वर, आणि मध्ये बनावट छाती. त्या छातीत खाटकाकडून आणलेली आतडी-काळजे भरलेली. दिव्यांच्या उष्णतेने त्यांचा वास सुटलेला. नट सेटवर आले तेव्हा तंत्रज्ञ रेनकोट घालून उभे होते आणि कॅमेऱ्यांवर प्लॅस्टिक टाकलेले होते. ज्याला थोडीफार अक्कल आहे त्याने तेवढ्यावरूनच ओळखावे. पहिल्या झटक्यात शर्ट फाटलाच नाही, आतले बाहुले तिथेच अडकले. शर्ट आणखी विरळ करून पुन्हा प्रयत्न झाला तेव्हा रक्ताची चिळकांडी थेट व्हेरोनिका कार्टराइट या नटीच्या तोंडावर बसली. पडद्यावर तिची जी दचक दिसते ती खरी आहे. बाकीच्यांची पूर्वतयारी आणि तिची दचक यांची गल्लत करून 'काहीच माहीत नव्हते' ही गोष्ट तयार झाली.

आता मला पडलेला प्रश्न असा : तीच गल्लत का झाली? गोष्ट दहा प्रकारांनी वाढू शकली असती. शर्ट फाटला नाही, फजिती झाली, ही गोष्टही मजेदार आहे. मग लोकांनी नेमकी 'त्यांना सांगितलेच नव्हते' हीच का उचलली?

माझे उत्तर असे. 'एलियन'ची कथाच मुळी न सांगण्याची आहे. कंपनीला त्या प्राण्याबद्दल कुणकुण असते, तिचा एक हस्तक यानात असतो, आणि खलाशांचे प्राण गेले तरी चालतील असा हुकूम असतो. खलाशांना यातले काही कळवलेले नसते. पडद्यामागची गोष्ट सांगताना आपण नकळत दिग्दर्शकाला कंपनीच्या जागी बसवतो आणि नटांना खलाशांच्या. म्हणजे पडद्यामागची गोष्ट ही पडद्यावरच्या गोष्टीचेच कपडे घालून येते. शर्ट न फाटण्याच्या हकिकतीला तसे कपडे नाहीत, म्हणून ती मागे पडली.

हा माझा अंदाज केवळ एका इंग्रजी चित्रपटावर उभा असता तर तो दिवाळी अंकात मांडण्याचे धाडस मी केले नसते. पण मी राहतो नाशकात. आणि पडद्यामागच्या गोष्टींची आपल्याकडची गंगोत्री इथूनच निघते.

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. जन्म ३० एप्रिल १८७०, मृत्यू नाशकात १६ फेब्रुवारी १९४४. मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' केल्यावर १९१३ सालीच ते बिऱ्हाड आणि कारखाना घेऊन नाशकाला आले, आणि 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री', 'लंकादहन', 'श्रीकृष्ण जन्म', 'कालिया मर्दन' हे सारे नाशकातल्या वर्षांतले. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. शाळांच्या सहली तिथे येतात, आणि मीही गेली काही वर्षे बोलावले की मुलांपुढे फाळक्यांवर बोलतो. त्या भाषणांत काय सांगायचो ते आठवले की आता थोडे ओशाळल्यासारखे होते. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले, बायकांची कामे करायला बाई मिळेना म्हणून ग्रँट रोडवरच्या उपाहारगृहातला आचारी अण्णा साळुंके पंधरा रुपये पगारावर तारामती झाला, चित्रीकरणासाठी गावाबाहेर गेलेली मंडळी तलवारी-भाल्यांसह दिसल्यावर गावकऱ्यांना दरोडेखोर वाटली. मुले हसत, शिक्षक टाळ्या वाजवत.

फाळके स्वतः गोष्ट विकण्यात कमी नव्हते. आधी जादूगार होते हे विसरून चालत नाही. कार्ल हर्ट्झ या जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि आपले आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने प्रयोग करीत. 'राजा हरिश्चंद्र' सुरतेला लावला तेव्हा पहिल्या दिवसाची मिळकत तीन रुपये झाली असे सांगतात. तिथला प्रेक्षक दोन आण्यांत सहा तास नाटक पाहणारा. त्याला हा तासाभराचा मूक खेळ महाग वाटला. फाळक्यांनी जाहिरात बदलली. तिचा आशय असा की सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि सारे फक्त तीन आण्यांत. लोकांची झुंबड उडाली.

हिशेबनीस असल्यामुळे मला हे आकडे गप्प बसू देईनात. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चित्रे बसतात. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट. गुणाकार केला की ५९,२०० चित्रे होतात. म्हणजे सत्तावन्न हजार हा आकडा प्रामाणिक आहे, उलट दोन हजार कमीच सांगितलेत. आता दोन मैल. मैलात ५,२८० फूट, दोन मैलांत १०,५६०. चित्रपट भरला ३,७०० फूट, म्हणजे पाऊण मैलसुद्धा नाही! निगेटिव्ह आणि पडद्यावरची प्रत अशी दोन्ही मिळून मोजली तरी ७,४०० फूट. एकाच वाक्यात एक आकडा चोख आणि दुसरा जवळजवळ तिप्पट फुगवलेला. जादूगाराचे हेच तंत्र असते : एका हातात खरा रुपया दाखवायचा, म्हणजे दुसऱ्या हाताकडे कोणी पाहत नाही.

याबद्दल मला राग नाही. कौतुकच आहे. जाहिरात करणारे फाळके लोकांना हरिश्चंद्राची भक्ती विकत नव्हते, चित्रपट बनवण्याची मेहनत विकत होते, किती फोटो आणि किती लांब. पडद्यामागची गोष्ट हाच खेळाचा माल, हे १९१३ साली त्यांच्या ध्यानात आले होते.

दुसरा हिशेब वाटाण्याचा. १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणि छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन परतल्यावर भांडवलदाराला पटवण्यासाठी फाळक्यांनी एक छोटी चित्रफीत केली. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ त्यांची वाढ टिपली. बी फुगते, फुटते, अंकुर डोके वर काढतो, वेल चढू लागतो. ही चित्रफीत दाखवूनच पैसे उभे राहिले. आपल्या पौराणिक चित्रपटाच्या मुळाशी असा एक विज्ञानपट आहे, हे मला नेहमी फार महत्त्वाचे वाटत आले आहे. ज्यांनी आधी आयुष्यात हलते चित्रच मोजून दोन-चारदा पाहिले असेल, त्यांना आपोआप वर येणारा, मान हलवणारा तो कोंब पाहून काय वाटले असेल? आनंद तर खराच. पण थोडी भीतीही वाटली असणार. झाड असे वळवळताना माणसाने कधी पाहिलेले नसते.

या चित्रफितीबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, फाळके रोज एक चित्र घेत. दोन, चित्रफीत मिनिटभराहून थोडी अधिक होती. मी स्वतः भाषणात दोन्ही एका दमात सांगितल्या आहेत. पण त्या एकमेकींच्या शेजारी बसत नाहीत. रोज एक चित्र, महिनाभर, म्हणजे तीस-पस्तीस चित्रे. सेकंदाला सोळाच्या वेगाने ती दोन-सव्वादोन सेकंदांत संपतात. भांडवलदाराने तेवढ्यात तपकीर ओढली असती तर सगळेच हुकले असते. मिनिटभराला ९६० चित्रे लागतात. तीस दिवसांत विभागली तर दिवसाला बत्तीस. सूर्यप्रकाशाचे बारा तास धरले तर दर बावीस-तेवीस मिनिटांना एक.

म्हणजे मिनिटाची गोष्ट खरी असेल तर महिनाभर, रोज, उजाडल्यापासून मावळेपर्यंत, दर बावीस मिनिटांनी कोणीतरी त्या कुंडीपाशी जाऊन कॅमेऱ्याचे हँडल फिरवत होते. 'रोज एक चित्र' ही गोष्ट ऐकायला सुंदर आहे. एक तपस्वी, एक वाटाणा, दिवसातून एकदा दर्शन. दर बावीस मिनिटांची गोष्ट सुंदर नाही, ती घरकामासारखी आहे. आणि घरकामासारखी आहे म्हटल्यावर पुढचा प्रश्न आपोआप येतो की घरात कोण होते.

हा प्रयोग मी गेल्या हिवाळ्यात करून पाहिला. यावरून घरात झालेल्या संवादांचा वृत्तान्त इथे देत नाही. खिडकीत कुंडी ठेवली, समोर तिपाईवर मोबाइल पक्का बांधला, दर वीस मिनिटांनी बटण दाबायचे ठरवले. आपोआप फोटो काढणारी सोय मोबाइलमध्ये असते, ती मुद्दाम वापरली नाही. पहिले दोन दिवस उत्साहात गेले. तिसऱ्या दिवशी मला बाजारात जायचे होते. चौथ्या दिवशी फोन आला, तो वाटाण्याला लावलेला असल्यामुळे घेता येईना. झाडू मारताना तिपाईला धक्का लागला की त्या दिवसाची चित्रे उडी मारत. ढग आला की उजेड पडे. सातव्या दिवसापासून वेळापत्रक फ्रिजवर लागले आणि महिन्याच्या शेवटी नोंदी मोजल्या तेव्हा निम्म्याहून अधिक चित्रे बायकोने काढलेली निघाली. प्रयोगावर माझे नाव आहे.

सरस्वतीबाईंबद्दल जे सांगितले जाते ते आठवा. कच्च्या फिल्मला रात्री अंधारात छिद्रे पाडणे, उन्हात पांढरी चादर धरून तासन्‌तास उभे राहून नटांच्या तोंडावर प्रकाश पाडणे, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. वाटाण्याच्या हँडलला त्यांचा हात लागला होता असे मी सिद्ध करू शकत नाही. बत्तीसदा रोज, हा आकडा मात्र एका माणसाच्या आवाक्यातला नाही, हे करून पाहिल्यामुळे सांगतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती.

'राजा हरिश्चंद्र'मध्ये रोहिदासाची भूमिका फाळक्यांचा मुलगा भालचंद्र याने केली होती. चित्रीकरणाच्या काळात तो खेळताना पडला, डोक्याला दगड लागला, रक्त आले आणि तो बेशुद्ध झाला. कथेत रोहिदास सर्पदंशाने मरतो आणि त्याला चितेवर ठेवायचे असते. बरोबरच्या मंडळींनी काम थांबवू या असे सुचवले. फाळक्यांनी मलमपट्टी केली आणि मूल शुद्धीवर येण्याची वाट न पाहता ते दृश्य उरकून घेतले. गोष्ट अशी सांगितली जाते. मी ती दर वेळी भाषणाच्या शेवटी ठेवायचो, कारण तिथे टाळ्या हमखास पडत. 'कलेसाठी केवढा त्याग!' असे अध्यक्ष म्हणत.

चार वर्षांपूर्वी एका शाळेत भाषण संपल्यावर मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. पालक असाव्यात. त्यांनी विचारले, "त्याग कोणाचा, सर? डोकं तर मुलाचं फुटलं होतं." हशा पिकला, मीही हसलो. घरी येईपर्यंत हसू राहिले नव्हते.

तेव्हापासून मी ही गोष्ट नीट ऐकू लागलो, आणि ऐकता ऐकता मला तिच्यात दुसरीच गोष्ट ऐकू आली. स्मशानात डोंबाचा चाकर झालेला हरिश्चंद्र. समोर स्वतःच्याच मुलाचे प्रेत. बाप म्हणून त्याने रडायचे. पण चाकर म्हणून त्याचे कर्तव्य वेगळे, मसणाचा कर घेतल्याशिवाय दहन नाही. तो मन घट्ट करून कर्तव्य करतो. आता या चौकटीत कॅमेऱ्यामागे उभे फाळके ठेवून पाहा. मुलगा निश्चेष्ट, लोक थांबा म्हणतात, बाप मन घट्ट करून काम पुरे करतो. दागिन्यांची गोष्टही याच चौकटीत बसते : हरिश्चंद्राने सत्यासाठी पत्नी विकली, फाळक्यांनी चित्रपटासाठी पत्नीचे सोने. 'एलियन'च्या वेळी जे झाले तेच इथे. लोकांनी दिग्दर्शकाला त्याच्याच नायकाचा पोशाख चढवला.

याचा अर्थ गोष्ट खोटी आहे असा घेऊ नये. मूल पडले असेल, बेशुद्धही झाले असेल. दिवसाउजेडी चित्रीकरण, भाड्याची माणसे, मावळणारे ऊन, खर्च होणारा पैसा, हे पाहता तसा निर्णय कोणी घेतला असेल हेही अशक्य नाही. माझी हरकत गोष्टीच्या शेवटाला आहे. ती हरिश्चंद्राच्या साच्यात बसली की तिला आपोआप हरिश्चंद्राचा शेवट मिळतो. पुराणात देव प्रगट होतात, रोहिदास उठून बसतो, परीक्षा संपते. म्हणून आपल्या गोष्टीतही मुलाचे पुढे काय झाले हे कोणी विचारत नाही. तो उठणारच हे आपल्याला आधीपासून ठाऊक असते. त्या बाईंना ते ठाऊक नव्हते, किंवा त्यांनी ते मानायचे नाकारले.

पडद्यावर पडताळून पाहण्याची सोय इथे फारशी नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात 'राजा हरिश्चंद्र'चे पहिले आणि शेवटचे रीळ आहे, पण ते १९१३चे की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचे, यावर अभ्यासकांत वाद आहे. म्हणजे शेवटच्या रिळातल्या मुलाकडे कितीही टक लावून पाहिले तरी तो तोच प्रसंग, असे म्हणता येत नाही.

दिग्दर्शकाची मुले कॅमेऱ्यापुढे उभी राहणे ही काही फक्त आपल्या गरिबीची कहाणी नव्हे. 'एलियन'मध्ये परग्रहावरच्या प्रचंड यानात माणसे शिरतात तो सेट होता त्याहून मोठा दिसावा म्हणून स्कॉट यांनी मोठ्या नटांऐवजी लहान मुलांना छोटे अंतराळपोशाख शिवून घातले. त्यांतली दोन त्यांची स्वतःची, एक कॅमेरामनचे. त्या पोशाखांत हवा खेळत नव्हती, मोठे नटही त्यात गुदमरत. ही गोष्ट 'काय युक्ती!' म्हणून सांगितली जाते, आणि युक्ती खरोखरच उत्तम आहे. स्टुडिओत पैसा असो वा नसो, हाताशी असलेले लहान मूल हे सिनेमाचे सगळ्यात स्वस्त यंत्र, एवढे मात्र दोन्हीकडे सारखे दिसते.

मात्र फाळक्यांच्याच कामात या सगळ्याला एक उतारा आहे, आणि तो मला दुसरीकडे सहज सापडत नाही. १९१९च्या 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्ण झाली आहे त्यांची मुलगी मंदाकिनी. हा चित्रपट बऱ्याच अंशी शिल्लक आहे. कालिया म्हणजे राक्षसी सर्प, डोहाच्या तळाशी झुंज, काठावर आकांत करणारे गोकुळ. भीतीचा सगळा सरंजाम आहे. पण चित्रपट सुरू होतो तो या कशानेच नाही. सुरुवातीला समोर येते एक लहान मुलगी, आणि ती वेगवेगळे भाव करून दाखवते. ही मंदाकिनी, हिचा चेहरा पाहून घ्या. मग त्या चेहऱ्यावर कृष्णाचा वेष हळूहळू उमटत जातो. जादूगार प्रयोगाआधी टोपी उलटी करून रिकामी असल्याचे दाखवतो तसे. प्रेक्षकाला सांगून टाकले की हा देव नव्हे, ही फाळक्यांची पोर आहे. आणि तरीही ती फण्यावर उभी राहून वर येते तेव्हा अंगावर काटा येतो. मी हे पंधरावीस वेळा पाहिले असेल.

स्कॉट यांनी भीती टिकवण्यासाठी त्यांचा प्राणी अंधारात ठेवला, जेमतेम दाखवला. आत कोण आहे हे विसरायला लावले. आत होता बोलाजी बादेजो नावाचा, सात फुटांना दोन-तीन इंच कमी असा उंचच उंच नायजेरियन विद्यार्थी. फाळके आधी माणूस दाखवतात, मग देव, मग राक्षस. त्यांचा प्रेक्षकावर विश्वास जास्त होता असे मी म्हणेन, आणि जादूगाराचा असतोच. टोपी रिकामी पाहिलेल्यालाच सशाचे नवल.

हेच 'श्रीकृष्ण जन्म'मधल्या कंसाबद्दल. कंसाला भास होतात, चोहीकडे कृष्ण दिसतात, त्याचे स्वतःचे मुंडके धडावेगळे होऊन वर तरंगते. पॅरिसच्या मेलिएसने स्वतःची मुंडकी टेबलावर मांडण्याचा खेळ १८९८ सालीच केला होता, तोही जादूगारच. युक्ती कळायला सोपी आहे : काळी पार्श्वभूमी, शरीर काळ्या कापडात, आधी धड, मग फिल्म मागे नेऊन त्याच तुकड्यावर डोके. करायला सोपी नाही. मी जुन्या हाताच्या कॅमेऱ्यावर भाच्याचे मुंडके तरंगवायचा प्रयत्न केला, छत्तीस चित्रांच्या दोन रिळांत एक जमले, आणि त्यातही त्याचा एक कान धडाबरोबर खाली राहिला. फाळक्यांना हे हलत्या चित्रावर करायचे होते, हँडलचे फेरे मोजत, आणि चूक झाली तर ती धुऊन निघेपर्यंत कळणार नाही. मेलिएसचे मुंडके मात्र गंमत करते. कंसाचे मुंडके गेल्यावर कंस घाबरतो. आपल्याकडच्या पडद्यावर भीती आतून, पाप्याच्या मनातून निघालेली मी पाहिली ती पहिल्यांदा इथे.

भीतीचा हिशेब कोल्हापूरनेही चुकता केला. बाबूराव पेंटरांच्या 'सैरंध्री'त १९२० साली भीमाने केलेला कीचकवध एवढा खरा वाटला की थिएटरात बायका मूर्च्छित पडल्याचे सांगतात, आणि ते दृश्य कापावे लागले. अलीकडे 'तुंबाड'च्या खऱ्या पावसासाठी घालवलेल्या पावसाळ्यांच्या गोष्टी आपण त्याच चवीने ऐकतो. असो. त्यावर स्वतंत्र लिहायला हवे.

फाळक्यांनी १९१७च्या सुमारास आणखी एक छोटा चित्रपट केला, 'चित्रपट कसे तयार करतात'. त्याचे तुकडे उरले आहेत. त्यात ते स्वतः दिसतात : नटांना सूचना देताना, फिल्मची पट्टी उजेडाकडे धरून निरखताना. पडद्यामागची गोष्ट पडद्यावर आणण्याचा आपल्याकडचा हा पहिला प्रयत्न, आणि त्यात एकही चमत्कार नाही. कोणी बेशुद्ध पडत नाही, कोणी दागिने काढून देत नाही. एक चष्मेवाला माणूस काम करतो आहे. आपण शंभर वर्षे त्या माणसाबद्दल जे सांगत आलो त्यापेक्षा हे फारच साधे आहे, आणि त्याने आपल्याबद्दल सांगायला निवडले ते हेच. ज्याने दोन मैलांची थाप मारली, त्याने कॅमेरा स्वतःकडे वळवला तेव्हा मात्र फुगवले नाही.

मी भाषणे अजून देतो. भालचंद्राची गोष्ट आता शेवटी ठेवत नाही. मध्येच सांगतो आणि मुलांना विचारतो की तुम्ही तिथे असता तर काय केले असते. पहिल्या वर्षी एका आयोजकांना हे आवडले नाही, थोर माणसाबद्दल असे प्रश्न कशाला, म्हणाले. पुन्हा बोलावले नाही. मुलांना प्रश्न आवडतो. एका मुलीने सांगितले, "आधी पाणी मारलं असतं तोंडावर." दुसरा म्हणाला, "शूटिंग उद्या." तिसऱ्याने बराच विचार करून विचारले की त्या दिवशी त्याची आई सेटवर होती की स्वयंपाक करत होती. असा प्रश्न मला पन्नाशी उलटेपर्यंत सुचला नव्हता.

आमच्या खिडकीतल्या वाटाण्याची चित्रफीत भाच्याने जोडून दिली. अठ्ठेचाळीस सेकंदांची झाली. सातव्या दिवशी झाडूचा धक्का लागला तिथे वेल एकदम दचकल्यासारखा डावीकडे उडी मारतो. ते मी काढू दिले नाही. वेलाला पुढे पाच शेंगा आल्या. बायकोने त्या पोह्यांत घातल्या.